शिक्के मारणारं ऑफिस

मी नोकरीला लागलो त्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर एक पितळी घंटी होती. ती एकदा वाजली की शिपायाने आत जायचं, दोनदा वाजली की हेडक्लार्कने, आणि तीनदा वाजली की आवकच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. तीन घंट्या वाजल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते मी बघून शिकलो. शिकायला दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत, हे मला अजून खुपतं.

ऑफिस पाटबंधाऱ्याचं, जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. कालवे कोरडे पडले होते आणि त्यात शेळ्या बसायच्या. पाणीच नव्हतं, पण पाण्याचे कागद नेहमीसारखे येत होते, नेहमीसारखे जात होते. इमारत सिमेंटच्या पत्र्यांची, लांबट. पूर्वी ते गोदाम होतं. एका टोकाला लाकडी फळ्यांची भिंत घालून साहेबांची खोली केलेली. ती भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वर हातभर फट होती, आणि त्या फटीतून साहेबांच्या सिगारेटचा धूर आमच्याकडे यायचा. आवाजही यायचा.

समोरच्या माळावर दुष्काळी कामाची खडी फोडणं चालायचं. दिवसभर हातोड्यांचा आवाज. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो एकदम थांबला की आम्ही सगळे उगाच माना वर करून बघायचो, काहीतरी झालं असं वाटून.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. माझे वडील नगरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका क्वचित, बहुतेक काम पत्रकांचं. संपाची पत्रकं, निषेधाची पत्रकं, निवडणुकीची, सत्यनारायणाच्या वर्गणीचा हिशेब मागणारी गल्लीतली पत्रकं. चुकलेले तक्ते घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायचो. दुसऱ्या बाजूला 'जुलूम', 'धिक्कार', 'जागे व्हा' असे जाड शब्द असायचे. मला जोडाक्षरं आली ती तिथून. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, जुलूम करणारी आणि त्याविरुद्ध उठणारी, असं मी धरून चाललो होतो. मी कुठल्या बाजूला, याची मला शंका नव्हती.

चौथ्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, तीन घंट्या वाजल्या.

बाई उठल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला, टपालाची पॅड छातीशी धरली आणि आत गेल्या. दार अर्धवट लोटलं गेलं. मग आमचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणायचे, त्याने तारखेचा शिक्का उचलला आणि जुन्या, वापरून झालेल्या लखोट्यांवर मारायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. माझ्या शेजारी नकाशे काढणारा अनुरेखक बसायचा. तो पट्टीने ड्रॉइंगबोर्डाची कड बडवू लागला. पलीकडे हेडक्लार्क होते. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. ते केस पांढरे झालेले गृहस्थ, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. त्यांनी शिक्का घेतला नाही. त्यांनी मोठी नोंदवही ओढली आणि तिची पानं एकेक करून उलटायला लागले. प्रत्येक पानावर तळहात आपटून ते सपाट करत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. बाई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि सगळे आवाज एका क्षणात बंद झाले. बाहेरचे हातोडे पुन्हा ऐकू यायला लागले.

मी अनुरेखकाला हळूच विचारलं, हे काय?

"टपाल जास्त आहे," तो म्हणाला.

"आज तर चारच कागद आलेत."

"मग चार कागदांना जास्त शिक्के लागतात. नवीन आहात. कळेल."

तो थट्टेखोर होता. माझ्या वडिलांचा धंदा कळल्यापासून मला 'क्रांतिकारक' म्हणायचा. पण हे सांगताना तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन घंट्या झाल्या. बाई आत गेल्या. शिक्के सुरू झाले. मी मान खाली घालून एका यादीवर लिहीत होतो. थोड्या वेळाने मला कळलं की मी लिहीत नाही. जावकचा शिक्का माझ्या हातात होता, आणि समोरच्या कोऱ्या कागदावर दहा-बारा निळे गोल उमटले होते.

बाई माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या होत्या. तिसगावकडच्या, वडील शाळामास्तर होते, ते वारल्यावर ही नोकरी मिळाली. त्या आणि त्यांची आई गावात एक खोली घेऊन राहायच्या. ऑफिसातली ही पहिलीच बाई. नोकरी तात्पुरती होती. मार्चनंतर कायम होण्याचा हुकूम निघायचा होता, आणि तो निघणार की नाही हे एका कागदावर ठरणार होतं, गोपनीय अहवालावर. तो साहेब लिहिणार होते. एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं. निदान तसं सगळे म्हणायचे.

एकदा टँकर आला तेव्हा मागच्या टाकीपाशी त्या आणि मी दोघेच होतो. मी विचारून टाकलं. म्हटलं, आत काय होतं?

त्यांनी कळशी टाकीच्या नळाखाली सरकवली. मग म्हणाल्या, "काहीच होत नाही."

"मग शिक्के कशाला मारतात?"

"ते त्यांना विचारा. मला तर आत बरं वाटतं शिक्क्यांचा आवाज आला की. बाहेर माणसं आहेत एवढं तरी कळतं." मग जराशाने त्या म्हणाल्या, "नाही. बरं नाही वाटत."

त्यांनी सांगितलं ते मी इथे त्यांच्याच क्रमाने लिहितो. साहेब त्यांना टेबलासमोर उभं करायचे. बस म्हणायचे नाहीत. स्वतः कागद वाचत राहायचे. बघायचे नाहीत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. खोलीत जणू कुणी नाहीच. आणि मग मान वर न करता म्हणायचे, आज पातळ नवं आहे. किंवा, काल केस धुतलेस. बाहेर सगळ्यांसमोर ते त्यांना 'बाई, तुम्ही' म्हणत. दार लोटलं की 'तू'. कधी अंगाला हात लावला नाही. कधी आवाज चढवला नाही.

"एकदा माझी केसातली पिन हरवली," त्या म्हणाल्या. "टेबलावर काढून ठेवली होती, ती दिसेना. दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. ड्रॉवर उघडला. त्यात एका सिगारेटच्या डबीच्या झाकणात पिना होत्या. सात-आठ. मला म्हणाले, यातली तुझी कोणती ती ओळखून घेऊन जा."

"सात-आठ?"

"माझी एकच हरवली होती."

बाकीच्या पिना कुणाच्या, हे मी विचारलं नाही. साहेबांच्या याआधी चार ठिकाणी बदल्या झाल्या होत्या.

"घेतलीत?"

"नाही. तिला हात लावला असता तर... काय माहीत. नाही घेतली. म्हटलं, माझी यात नाही. ते म्हणाले, नीट बघ, उद्या पुन्हा बघ. दर वेळी विचारतात."

मी पेटलो. तक्रार करा म्हणालो, लेखी करा, वर नगरला मोठ्या साहेबांना करा. त्या माझ्याकडे जशा बघत राहिल्या तशी माझी थोरली बहीण बघायची, मी लहानपणी तलवार घेऊन लढाईला निघायचो तेव्हा.

"काय लिहू? साहेब माझ्याकडे बघत नाहीत, असं लिहू? मार्चपर्यंत उभं राहायचं. पाय दुखतात, बाकी काय." कळशी उचलताना त्यांनी एवढंच बजावलं, "हे तुम्हाला सांगितलंय. कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. मी लिहिलं.

त्या शनिवारी नगरला घरी गेलो आणि दीड पानाचा अर्ज तयार केला. आता आठवला की कानशिलं तापतात. 'सत्तेच्या सिंहासनावर बसलेला नराधम' असं त्यात होतं. 'भगिनींच्या अश्रूंचा हिशेब' होता. पण मधल्या परिच्छेदात मी तीन घंट्या लिहिल्या, उभं ठेवणं लिहिलं, आणि ड्रॉवरमधल्या पिना लिहिल्या, कारण पुराव्याशिवाय आरोप करू नये असं मला वाटत होतं. खाली सही केली, 'एक जागरूक नागरिक'. वडील जेवत होते. त्यांना वाचून दाखवला.

त्यांनी विचारलं, "सही केलीस?"

"नाव नाही घातलं."

"मग हे पत्रक झालं. अर्ज नाही झाला." आणि भात कालवता कालवता म्हणाले, "त्या बाईला दाखवलास?"

मी म्हणालो, तिच्यासाठीच तर लिहिलाय. ते जेवत राहिले. मी तो लखोटा पेटीत टाकला आणि घरी आलो. मला फार हलकं वाटत होतं.

त्यानंतर तीन घंट्या वाजणं बंद झालं.

एक दिवस गेला, चार दिवस गेले. साहेब खोलीत असायचे, धूर यायचा. मामांसाठी घंटी वाजायची, भाऊसाहेबांसाठी वाजायची. साडेतीन वाजत आले की मात्र ऑफिसातलं बोलणं आपोआप विरत जायचं. अनुरेखकाची पट्टी बोर्डाच्या कडेशी येऊन थांबायची. मामा शिक्क्याची गादी उघडून बसायचे, शाई वाळून जायची. एकदा दोन घंट्या वाजल्या, तर भाऊसाहेब अर्धवट उठून तसेच थांबले, तिसरी वाजते का ऐकत. बाईही अर्धवट उठलेल्या. दोघं एकमेकांकडे बघत तसे वाकलेले, आणि माळावरचे हातोडेही नेमके थांबलेले. मग भाऊसाहेब खाकरले आणि आत गेले. मला वाटत होतं, माझा अर्ज काम करतोय, वरून दट्ट्या आला, साहेब घाबरले. मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

सोळाव्या का सतराव्या दिवशी टपाल आलं. बाई नेहमीप्रमाणे पट्टीने लखोटे फोडून, कागद उलगडून, शिक्का मारून नोंदवहीत चढवत होत्या. आमच्या खात्याची ती रीतच होती. बाहेरून आलेला कागद आधी आवकला जायचा, त्याला नंबर पडायचा, मग तो साहेबांच्या पॅडमध्ये. नंबर पडेपर्यंत कागद आलाच नाही असं धरायचं. नंबर पडला की तो ब्रह्मदेवालाही नाहीसा करता यायचा नाही; पुढचा-मागचा नंबर त्याच्या नावाने ओरडत राहतो.

एका लखोट्यापाशी त्यांचा हात थांबला. वर नगरच्या ऑफिसचं छोटं पत्र होतं. खाली टाचणी लावून जोडलेला दीड पानाचा कागद. मी माझ्या टेबलावरून ते अक्षर ओळखलं. माझंच होतं, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम डावीकडे कलवलेलं.

भाऊसाहेबांनी मला हे नंतर समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसं लहान मुलाला सांगावं. "निनावी अर्ज ज्याच्याविरुद्ध असतो त्याच्याच ऑफिसात येतो, बाबा. 'सोबतचा अर्ज पाहून चौकशी करून अहवाल पाठवावा.' शंभरांतले नव्वद असेच येतात. लिहिणाऱ्याला वाटतं कागद वर गेला. कालव्याचं पाणी बघतोस ना? वरून सोडलं की खालच्या चारीलाच येणार." मी नोकरीत चार महिने होतो. अशी वरून खाली आलेली पत्रं मी स्वतः नक्कल करून काढली होती. तरी माझ्या अर्जाचंही तेच होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मधले दिवस तीन घंट्या का वाजल्या नाहीत, ते मला कधीच कळलं नाही.

बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. पान उलटून मागचं वाचलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "फाडून टाका. टपालात आलाच नाही म्हणा."

"पिनेचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. नोंदवहीवरून नजर न उचलता. "आता त्यांना कळेल मी बोलले. मार्च गेला माझा."

"म्हणून म्हणतो, फाडा."

त्यांनी टाक शाईत बुडवला. मी तिथेच उभा. त्यांनी नंबर टाकला. तारीख टाकली. 'कोणाकडून' या रकान्यात नगरच्या ऑफिसचं नाव लिहिलं. 'विषय' या रकान्यापाशी त्या थांबल्या. ते अरुंद घर असतं, दोन-तीन शब्दांचं. त्यांनी एका ओळीत लिहिलं, ते पुरलं नाही, तर खालच्या ओळीवर गेल्या, तिसऱ्या ओळीवर गेल्या. सुवाच्य अक्षरात लिहिलं की आवक लिपिक बाईंना साहेबांच्या दालनात तीन घंट्या देऊन बोलावून उभे करून ठेवणे व ड्रॉवरमधील केसांच्या पिना ओळखण्यास सांगणे याबाबत तक्रार अर्ज. मग टिपकागद दाबला.

"नोंद झाली," त्या म्हणाल्या. "आता कुणालाच फाडता येत नाही. मलाही नाही. त्यांनाही नाही."

ती नोंदवही उघड्या टेबलावर असायची. संध्याकाळपर्यंत ती प्रत्येकाने काही ना काही निमित्त काढून उघडली. मामांना वाचता यायचं नाही. त्यांनी अनुरेखकाला विचारलं, बाईंनी एवढं लांब काय लिवलंय. अनुरेखकाने वाचून दाखवलं. बोलायला नेहमी पुढे असणारा तो माणूस, वाचून झाल्यावर पट्टी पुसत बसला.

बाईंनी पॅड स्वतः आत नेली आणि लगेच बाहेर आल्या. दहा मिनिटांनी तीन घंट्या वाजल्या.

त्या गेल्या. दार लोटलं गेलं. मी मामांकडे बघितलं. मामांच्या हातात शिक्का होता, हवेतच. त्यांनी तो गादीवर ठेवून दिला. अनुरेखक स्वतःच्या बोटांकडे बघत होता. भाऊसाहेबांनी सवयीने नोंदवही ओढली, पण ती आवकचीच होती आणि नेमकं तेच पान उघडं होतं. त्यांनी ती मिटली. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही फटीतून ऐकलं.

काहीच ऐकू येत नव्हतं. कितीतरी वेळ काहीच नाही. कागदाचा आवाजसुद्धा नाही. त्या शांततेत त्या दर वेळी एकट्या उभ्या असायच्या, आणि आम्ही इतके दिवस नेमकं काय झाकत होतो ते मला तेव्हा कळलं. ओरडणं नाही, रडणं नाही. ही शांतताच आम्हाला ऐकवत नव्हती.

मग साहेबांचा आवाज आला. मऊ, जवळजवळ मायेने बोलल्यासारखा. "आज बाहेर फार शांत आहे, नाही?"

बाईंचा आवाज आला नाही.

"तुझी पिन सापडली का ग?"

"माझी त्यात नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "पण ज्यांच्या आहेत त्यांची नावं सांगितलीत तर मी नोंदवहीत चढवते."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडून बाई बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांनी पट्टी उचलली आणि उरलेले लखोटे फोडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. साहेबांची चौकशी साहेबांनीच करायची होती. भाऊसाहेबांनी प्रत्येकासमोर एक टंकलेला कागद ठेवला. त्यावर एकच वाक्य होतं: 'असा कोणताही प्रकार माझ्या पाहण्यात आलेला नाही.' खाली सहीची जागा. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. आमच्यापैकी कुणीच काही पाहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता उठावं, सगळ्यांसमोर सांगावं की अर्ज माझा आहे. माझ्या लहानपणीच्या पत्रकांत याच ठिकाणी नायक छाती पुढे काढायचा. पण या वेळी मी आधी बाईंकडे गेलो आणि विचारलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते लिहितील की या दोघांचं काहीतरी आहे. तुम्ही मोकळे व्हाल. गावात राहायचं मला आणि माझ्या आईला आहे."

"मग मी काय करू?"

"जे तुम्ही केलंत ते लिहा. अर्ज नाही. बाकीचं."

मला समजायला वेळ लागला. मग मी टंकलेलं वाक्य खोडलं आणि हाताने लिहिलं की माझ्या पाहण्यात काही आलं नाही, कारण मी पाहिलं नाही. तीन घंट्या वाजून बाई आत गेल्या की आतलं ऐकू येऊ नये म्हणून मी शिक्के मारत असे, आणि हे मी निदान दहा वेळा केलं आहे. खाली नाव लिहून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही लिहिलं होतं ज्यात 'धिक्कार' नव्हता.

मामा शेजारी उभे होते. काय लिवलं, म्हणून विचारलं. मी वाचून दाखवलं. ते थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"म्या तर सगळ्यात आधी मारायचो," ते म्हणाले. "माझंबी तसंच लिवा. अंगठा देतो."

"मामा, नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. खडी फोडाया काय न्हाई का आपल्याला? बाया फोडत्यात, म्या न्हाई फोडनार व्हय?"

अनुरेखकाने टंकलेल्या कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून मला क्रांतिकारक म्हणायचं सोडलं. नावानेच हाक मारायला लागला, तीही कमीच. भाऊसाहेबांनीही टंकलेल्या कागदावरच सही केली. मला त्यांचा राग आला आणि मी तो चेहऱ्यावर दाखवला. त्यांनी तो बघितला.

बाईंनी आपला जबाब सर्वांत शेवटी दिला, चार ओळींचा. तीन घंट्या वाजल्या की मी आत जाते, मला उभे केले जाते. त्या वेळी बाहेर शिक्के मारले जातात. ते कशासाठी, हे शिक्के मारणाऱ्यांना विचारावे. मग त्यांनी सगळे जबाब गोळा केले, प्रत्येकावर आवकचा शिक्का मारला आणि प्रत्येकाला नंबर दिला, ओळीने. साहेबांना आता त्यातले सोयीचे तेवढे वर पाठवता येणार नव्हते. मधले तीन नंबर गायब कसे, हे नगरच्या कुठल्याही कारकुनाने विचारलं असतं.

ते जबाब घेऊन भाऊसाहेब महिन्याच्या बैठकीला नगरला गेले. तिथला हेडक्लार्क त्यांचा जुना सोबती. त्या दोघांत काय बोलणं झालं ते भाऊसाहेबांनी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर बाईंच्या टेबलापाशी क्षणभर थांबून, दुसरीकडेच बघत ते म्हणाले, "तुमचा अहवाल या ऑफिसातून जाणार नाही. वरूनच लिहितील." आणि चष्मा पुसत जागेवर जाऊन बसले. टंकलेल्या कागदावरच्या त्यांच्या सहीचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेबांना काही झालं नाही. एकदा नगरला बोलावणं आलं, ते गेले, आले. धूर नेहमीसारखा फटीतून येत राहिला. बाईंची बदली झाली, श्रीगोंद्याला. कायम नाही, आणखी एक वर्ष तात्पुरत्या. हुकूम टपालाने आला, तो त्यांनीच फोडला आणि त्यांनीच नोंदवला. जाताना मी एसटीपर्यंत त्यांची ट्रंक नेली. त्यांची आई पुढे गेली होती, खिडकी धरायला. मी माफी मागितली. भाषण तयार केलं होतं, त्यातला एवढाच शब्द आला.

"तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं, हेही खरं." मग ट्रंक माझ्या हातून घेतली. "जमलं तर नाही त्या कागदावर सही करू नका. एवढं पुष्कळ."

त्यांच्या जागी आवकच्या टेबलावर मला बसवलं. ती शिक्षाच होती. बाकीच्यांना तसं समजावं म्हणूनच केलेली. मधल्या काळात तीन घंट्या कधी वाजल्या नाहीत.

वर्षाने, उन्हाळा संपता संपता, नगरच्या टपालात एका हुकुमाची प्रत आली. पहिली नेमणूक आमच्या ऑफिसची होती म्हणून आमच्याकडे पाठवलेली. बाई नोकरीत कायम झाल्या होत्या. मी तो कागद दोनदा वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला, आणि इतर कागदांबरोबर पॅडमध्ये घालून आत नेला.

साहेब एकेक कागद बघत कोपऱ्यात नावाची आद्याक्षरं करत गेले. त्या कागदावर ते थांबले. त्यांनी त्यावर पंजा ठेवला, बोटं पसरून, आणि मान वर न करता तसेच बसून राहिले. बस म्हणाले नाहीत. मी उभा होतो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. माझ्या गुडघ्यांत कळ यायला लागली. एवढं साधं होतं ते. एका माणसाने बघायचं नाही आणि दुसऱ्याने उभं राहायचं.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं. आवाज तोच, मऊ.

"कायम झाल्या," मी म्हणालो.

त्यांचा पंजा तिथेच होता. अंगठ्याखाली बाईंचं नाव झाकलेलं. मी पुढे वाकलो, कागदाचा कोपरा धरला आणि तो त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. आद्याक्षरं राहिली होती, ती राहू दिली. कागद मधोमध थोडा चुरगळला. बाहेर येऊन मी तो टेबलावर तळव्याने सरळ केला, बाईंच्या फाइलला लावला आणि दोरी बांधली.